चार सेंटिमीटर

दशांशने कागद तिच्यापुढे सरकवला आणि नेहमीसारखी बडबड न करता तो खिडकीकडे बघत राहिला. दशांश म्हणजे त्यांच्या आरोग्य-अभ्यासाच्या केंद्रातला आकडेमोड बघणारा. त्याला वय विचारलं तर तेही दशांशचिन्हापुढे दोन घरं सांगेल, म्हणून मोजणाऱ्या बायकांनीच त्याचं हे नाव ठेवलं होतं आणि आता पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तेच चालायचं. वर्षातून एकदा जुळवणी असायची. त्या दिवशी ओळखीपाळखीची दहा माणसं उभी करायची आणि सहाही मोजणाऱ्यांनी प्रत्येकाची उंची, कंबर, पोटरी, हाताची पकड असं सगळं दोन-दोनदा मोजायचं. एकीने दुसरीचा आकडा बघायचा नाही. मग पाचही जणींचे आकडे तिच्या आकड्यांशी ताडून बघायचे, कारण इथे सगळ्यात जुना हात तिचा होता आणि तो प्रमाण मानला जायचा. जिचा आकडा तिच्यापासून फार हलला तिला पुन्हा शिकवणीला बसवायचं. या खेपेला नऊ माणसांच्या बाबतीत सगळं जुळलं होतं. दहाव्याच्या कंबरेपुढे पाच जणींनी एकशे पाचच्या आगेमागे लिहिलं होतं आणि तिने एकशे एक. दोन्ही वेळा एकशे एक. दहावा माणूस तिचा नवरा होता. ऐनवेळी पहारेकरी तापाने आडवा झाला म्हणून तिनेच त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं.

"पाच जणी चुकल्या असतील," ती म्हणाली.

"एकमेकींना न विचारता, सगळ्या एकाच बाजूला?" दशांशने पेन्सिलीने डोकं खाजवलं. "चूक कशी असते ताई, कधी इकडे जाते, कधी तिकडे. तुमची दोन्ही वेळा एकाच बाजूला गेलीय. आणि एकाच माणसावर. बाकी नऊ जणांत तर तुम्ही घड्याळासारख्या आहात."

मोजणाऱ्यांपैकी एक मुलगी मागून म्हणाली, "आपला तो बाब्या, ताई!" आणि सगळ्या हसल्या. तीही हसली. मुख्य डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर चढवून कागद पाहिला आणि दोन वाक्यांत विषय मिटवला. घरचं माणूस मोजायला घ्यायलाच नको होतं, चूक स्वतः बाईंचीच, तो दहावा माणूस गाळून टाका. दशांशने पेन्सिलीने तिच्या नवऱ्यावर एक आडवी रेघ मारली आणि चहाची वेळ झाली म्हणून सगळे उठले. ती बसून राहिली. आपल्याला काय वाटतंय हे तिने शोधून पाहिलं. राग आला नव्हता, लाजही फारशी वाटत नव्हती. खुर्चीची एक बाजू बुटकी असावी तसं काहीतरी कुठेतरी कललं होतं, आणि ती सरळ बसायचा प्रयत्न करत होती.

काय झालं ते तिला ओळीने आठवत होतं. तो बनियन वर धरून उभा राहिला होता आणि एवढ्या बायकांपुढे उघडं पोट घेऊन उभं राहायची वेळ आली म्हणून उगाच दात काढत होता. तिने शेवटची बरगडी बोटाने चाचपली, कमरेचं हाड चाचपलं, दोन्हींच्या मधोमध खूण केली, टेप फिरवली, त्याने श्वास सोडेपर्यंत थांबली आणि वाचलं. शिकवलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. टेप कातडीला टेकली पाहिजे, कातडी दबता कामा नये, हे तर ती स्वतःच दर नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगायची आणि वरून म्हणायची की हे कानाने शिकता येत नाही, बोटांनीच शिकावं लागतं. ताण दाखवणारी स्प्रिंगची टेप बाजारात मिळत होती. पण अभ्यास साध्या टेपेने सुरू झाला होता, म्हणून जुने-नवे आकडे जुळावेत यासाठी तो साध्या टेपेनेच चालला होता. म्हणजे सगळा भरवसा बोटांवर होता. आपण टेप ओढली, असं तिला कुठेच आठवत नव्हतं. ती ओढली गेली होती.

चार सेंटिमीटरने काय होतं, असं कोणी बाहेरचा म्हणाला असता. शर्टाला तेवढं सैलच शिवतात. पण त्यांच्या तक्त्यात तीन ओळी होत्या. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असलेले पहिल्या ओळीत. निम्म्यापासून दहाला सहापर्यंतचे दुसऱ्या ओळीत. त्याच्या वरचे तिसऱ्या. तिच्या नवऱ्याच्या उंचीला तिसऱ्या ओळीची रेघ एकशे तीनच्या जरा पुढे पडत होती, आणि हा हिशेब तिला कागदावर करावा लागला नव्हता. माणसं दर तीन वर्षांनी पुन्हा मोजायला यायची. जी आली नाहीत त्यांच्या घरी फोन करायचा, आणि ते काम बरीच वर्षं तिच्याकडे होतं. फोन कोणीतरी सून, कोणीतरी मुलगा उचलायचा. केंद्राचं नाव सांगितलं की पलीकडे एक पोकळी पडायची, आणि त्या पोकळीवरूनच माणूस गेल्याचं तिला कळायचं. मग ती धन्यवाद म्हणून ठेवून द्यायची आणि खूण करायची. तिसऱ्या ओळीतल्या खुणा लवकर भरायच्या. एका माणसाचं काही सांगता येत नाही, हजारांचं येतं, हे मोजायला येणारे विचारायचे तेव्हा ती हसतमुखाने सांगायची, आणि ते खरंही होतं. त्या फोनांनी तिला स्वतःला कधी काही झालं नाही. माणसं तिला चेहऱ्यांनी आठवायची नाहीत. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर ती आधी कंबरेकडे बघायची आणि मग ओळख पटायची. तिच्या नणंदेचं म्हणणं असं की वहिनी फूटपट्टी गिळूनच जन्माला आली.

संध्याकाळी ती दोन थांबे आधीच बसमधून उतरली आणि चालत निघाली. दुकानांत दिवे लागले होते. एका काचेमागे बिनडोक्याचे पुतळे कोट घालून उभे होते, सगळे पहिल्या ओळीतले. फुटपाथवरून येणारी माणसं नेहमीसारखी तिच्या डोळ्यांत शिरून आपापल्या ओळीत जाऊन उभी राहत होती. फळवाला तिसरी, सायकल ढकलणारी बाई पहिली, शाळेतून मुलाला आणणारा बाप दुसरी, पण फार दिवस नाही. हे थांबवता येत नसे. शिंप्याला भर लग्नातही शिवण दिसते, तसंच. आईच्या वेळीही हे असंच झालं होतं. आई पलंगावर पाय सोडून बसली होती आणि तिची पोटरी पायमोज्यात सैल पडलेली तिला दिसली. दुसऱ्या दिवशी तिने टेप लावून पाहिली, तर एकोणतीस. म्हाताऱ्या माणसाची पोटरी एवढी उतरली की पुढचं फार लांब नसतं. तिने भावाला फोन करून सरळ सांगितलं. भाऊ भडकला. आई ठणठणीत आहे, दोन वेळा जेवते, आणि तू तिची पोटरी काय मोजतेस! चार महिन्यांनी आई गेली. त्या दिवशी भाऊ दारातच तिला म्हणाला होता, "तू तिला आधीच मारून ठेवलं होतंस." मग वर्षभर तो बोलला नाही. ती रडली नव्हती, कारण तिच्या मते रडायचं ते चार महिने आधीच होऊन गेलं होतं, फक्त तेव्हाही डोळ्यांतून काही आलं नव्हतं. तेव्हापासून तिने मनाशी नक्की करून टाकलं की आपण अशाच आहोत. वाईट नाही, कोरड्या. आणि कोरड्या माणसाचा हात निदान खरा असतो, याचा तिला आतून थोडा गर्वही होता.

मग हा हात खोटा कधीपासून झाला? सिग्नलपाशी ती थांबली आणि हिरवा दिवा लागून गेला तरी थांबूनच राहिली. दर वाढदिवसाला सकाळी ती त्याला टेप लावायची. ही त्यांची घरातली थट्टा होती. तो हात वर करून पोलिसांनी पकडल्यासारखा उभा राहायचा, ती आकडा सांगायची, आणि तो म्हणायचा, "चला, वर्षभराचा परवाना मिळाला." नव्याण्णव, शंभर, शंभर, एकशे एक. नणंद दरवेळी कुरकुरायची, दादाच्या पोटाकडे बघ जरा, काहीतरी कर. त्यावर ती थंडपणे म्हणायची, शंभर आहे, बसतंय. पाच-सहा वर्षं. आणि त्याच्या आधी? त्याच्या आधीचा एक जिना तिला आठवला. त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. तो स्वतः लिफ्टची तपासणी करणारा, म्हणून सगळे शेजारी त्याची टर उडवत होते, आणि तोही हसत हसत सामानाच्या दोन पिशव्या घेऊन वर चढत होता. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो पायरीवर बसला. पिशवीतलं एक संत्रं निसटून खाली टप टप जात राहिलं. त्याचं तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं आणि तो म्हणाला, "थांब जरा. लोहाराच्या घरी वाकडा विळा." ती दोन पायऱ्या वर उभी होती. त्याच्या छातीचं वरखाली होणं ती मोजत होती, कारण तिला दुसरं काही करता येत नव्हतं. संत्रं तळमजल्यावर जाऊन थांबलं. मग तो उठला, कपडे झटकले आणि वर आला, आणि त्या गोष्टीबद्दल दोघंही पुन्हा बोलले नाहीत. आपल्याला तेव्हा काहीच वाटलं नाही, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. त्यानंतरच्या वाढदिवसाला टेप ओढली गेली असणार.

घरी तो इस्त्री करत होता. आपले शर्ट तो स्वतःच करायचा आणि पोट मध्ये येतं म्हणून टेबलापासून हातभर लांब उभा राहून, वाकून करायचा. तिने चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि त्या हातभर अंतराकडे बघत राहिली.

"काय मग, पास का नापास?" तो म्हणाला.

"तुला गाळलं."

"एवढा मोठा माणूस गाळणीतून गेला कसा?"

"ऐक ना. बाकीच्या पाच जणींचा आकडा एकशे पाच आला. माझा एकशे एक."

"मग तुझाच बरोबर असणार," तो कॉलर सरळ करत म्हणाला. "तुझा हात सगळ्यांत जुना."

हेच ऐकावं लागेल असं तिला वाटलंच नव्हतं. ती म्हणाली, "नाही. माझा चुकलाय. आजचाच नाही, दर वर्षीचा."

त्याने इस्त्री उभी केली. खोलीत गरम कापडाचा वास होता. तो म्हणाला की ऑफिसातून दोनदा आरोग्यतपासणीचं बोलावणं आलं होतं, तो गेला नाही, घरातच तपासणारी आहे असं सांगून त्याने ते टाळलं. हे तो तक्रारीने बोलला नाही. नुसतंच आठवून सांगितलं.

"मग तू मला खोटं का सांगितलंस?"

"मी खोटं सांगितलं नाही रे. जे दिसलं तेच वाचलं. हाताने केलं ते."

"हात कोणाचा?"

"माझा."

तो खुर्चीवर बसला. "आमच्यात लिफ्टमध्ये माणूस अडुसष्ट किलोचा धरतात," तो म्हणाला. "कोणीही येवो, पाटीवर तो अडुसष्टचाच. म्हणून मग दोर कितीतरी जादा घालतात. तू मला अडुसष्टचा धरलास, पण दोर काही जादा घातला नाहीस." आणि तो हसला, पण त्या हसण्यात त्याचं नेहमीचं काही नव्हतं. मग तो उठला, शर्ट वर केला आणि म्हणाला, "मोज. आत्ता मोज. आता तर तुला माहितीये."

तिने टेप काढली. बरगडी, हाड, मधली खूण. तिने बोटं मुद्दाम सैल ठेवली, तो श्वास सोडेपर्यंत थांबली आणि वाचलं. एकशे दोन. मान वर केली तर समोर कपाटाच्या आरशात त्याचं पोट दिसत होतं, आणि टेपेच्या वर कातडीचा एक ठसठशीत वळ उठला होता. तिने ताण सोडला. पुन्हा धरली. बोटं तिच्या देखत आवळली, जशी आईची रस्ता ओलांडताना पोराच्या मनगटावर आवळतात. त्यांना काही केल्या ऐकायचं नव्हतं. तिने पुन्हा सोडली.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"थोडं," तो म्हणाला. "नेहमीच दुखतं थोडं. मला वाटायचं, असंच असतं." "आज त्या मुलींनी लावली तेव्हा दुखलं नाही. मी म्हटलं, अजून शिकतायत बिचाऱ्या, हात बसलेला नाही."

ती जमिनीवर गुडघे टेकून होती आणि टेपेचं एक टोक अजून तिच्या हातात होतं. दर वाढदिवसाला हा माणूस हात वर करून उभा राहत होता, त्याला दुखत होतं, आणि तो हसत होता. ती उठली नाही. त्यानेच खाली वाकून तिच्या हातातून टेप काढून घेतली, वाकताना त्याला धाप लागली, आणि टेप त्याने गुंडाळून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टरकडे जातो," तो म्हणाला. "तू चल. पण मोजतील तेव्हा बाहेर बस."

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि एका टेबलामागे कारकून बाई नंबर पुकारत होती. ती सगळं आयुष्य दाराच्या आतल्या बाजूला बसली होती. बाहेर माणसं काय करतात हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती काहीच करत नाहीत, असं तिला आता दिसलं. एक म्हातारा आपल्याच हाताच्या शिरा बघत होता. एक बाई पिशवीचं तोंड उघडत होती आणि मिटत होती. दार पातळ होतं. आतून वजनकाट्यावर चढल्याचा आवाज आला, मग एका तरुण नर्सचा, जरा वळा, हात बाजूला. मग नर्स म्हणाली, "एकशे सहा."

ढिली धरली असणार, ही पहिली गोष्ट तिच्या मनात आली. पोरगी नवीन आहे, हाताला ताण नाही, खूण तरी नीट केली का नाही कोण जाणे, कपड्यावरूनच लावली असेल, दोन सेंटिमीटर तर तिथेच जातात. ती उभी राहिली. तिचा हात दाराच्या मुठीवर गेला. आपण आत जाऊन त्या मुलीला सांगणार आहोत की जरा ओढ, हे तिला अगदी स्पष्ट दिसलं, आणि तेवढ्याच स्पष्टपणे हेही की ती मुलगी बरोबर आहे. ती मूठ धरून तशीच राहिली. तिला भीती वाटत होती. एवढंच होतं ते, आणि ते कालचं नव्हतं. जिन्याच्या वळणावर संत्रं खाली जात होतं तेव्हापासून तिला भीती वाटत होती, आणि तिला सोडून तिच्या बोटांनाच ते ठाऊक होतं.

"बाई, बसून घ्या, अजून आत पेशंट आहे," कारकून बाई म्हणाली.

आत डॉक्टर काहीतरी विचारत होते. हलक्या आवाजात, म्हणून तिला नीट ऐकू आलं नाही. मग शेवटचं ऐकू आलं, "आणि हे पोट, ही धाप, किती दिवस?"

"आत्ताच हो," तिचा नवरा म्हणाला. "चार-सहा महिने. त्याच्या आधी घरी बायको मोजायची ना दर वर्षी, तेव्हा सगळं ठीक होतं. तिचं मोजमाप पक्कं असतं. मी मध्ये आळस केला, दुसरं काही नाही."

तो अगदी सहज बोलला होता. तोही एकाच बाजूला ओढत होता, तिच्या बाजूला, आणि या ओढण्यापायी डॉक्टर आत चार-सहा महिन्यांचं दुखणं लिहून घेणार होते. कारकून बाई पुन्हा काहीतरी म्हणाली. तिने दार उघडलं. तो टेबलावर उघडा बसला होता. तिला बघून त्याने पटकन शर्ट पुढे ओढला, जसा कोणी परकं आत आल्यावर ओढतात.

"अगं, तुला बाहेर बस म्हटलं होतं ना—"

"तो खोटं सांगतोय, डॉक्टर," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता आणि तो सावरायची तिला गरज वाटली नाही. "सहा वर्षं झाली. जिन्यात बसला होता तेव्हा तोंड राखेसारखं झालं होतं. मी बघितलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही सहा वर्षं लिहा." डॉक्टरांनी पेन उचललं. नर्स टेप हातात घेऊन तिच्याकडे बघत होती. ती त्याच्यापाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत रडायला लागली, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. "मला हा हवाय," ती म्हणाली.